तुटलेला पाटा काय सांगतो?



उसाचा हंगाम लागला, की सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर मालमोटारींची रीघ लागते. या गाडीचा बहुतेक भार मागच्या पाट्यांवर. पाटा तुटला की गाडी बसली, आणि गाडी बसली की कर्जाचा हप्ता थकला. म्हणून मालक चार पैसे जास्त मोजून विक्रेत्याच्या अधिकृत वर्कशॉपात जातो. काम होते. पण कधी कधी महिन्याभरात नवा पाटा पुन्हा तुटतो. वर्कशॉपवाले म्हणतात, "ओव्हरलोड केला असणार!" आपला माणूस गप्प बसतो. खरे म्हणजे त्याचे उत्तर पुष्कळदा त्या तुटलेल्या पाट्यातच असते.

आता बघा, पाट्यांची थप्पी एकत्र ठेवतो तो मधला सेंटर बोल्ट. पण तिला ॲक्सलवर आवळून धरतात ते यू-बोल्ट. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या खाचेत नीट बसले पाहिजे. यू-बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाने, आलटून पालटून आवळावे लागतात. आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात. नवे पाटे थोडे चालले की एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. म्हणून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळणे आलेच. घाईत हेच राहून जाते. जुने, ताणलेले यू-बोल्ट परत चढविणे ही दुसरी खोड.

यू-बोल्ट ढिले राहिले, तर थप्पी मध्यभागी वाकू लागते आणि पाटा सेंटर बोल्टच्या भोकातूनच तुटतो. अशा ठिकाणी तुटलेला पाटा पाहिला, की जाणता मिस्त्री प्रथम यू-बोल्टकडे बघतो. भाराने थकलेला पाटा बहुधा यू-बोल्टच्या बाहेरच्या बाजूस तुटतो. हा काही अचूक पंचांग नव्हे. पण "ओव्हरलोड" या एका शब्दावर वाद मिटू नये, इतका पुरावा नक्कीच आहे. मात्र वजनकाट्याच्या पावत्या आपल्याजवळ हव्यात. भार खरोखरच जास्त भरला असेल, तर आपली बाजू लंगडी पडते.

गाडी ताब्यात घेताना पुढची चाके सरळ ठेवावी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी फीत लावून मोजावे. फरक दिसला, तर ॲक्सल सरकल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी तिरपी चालते आणि टायर खाते. मोजायला पाच मिनिटे लागतात, आणि मोजताना कोणी हसले तर हसू द्यावे.

चूक आढळलीच, तर भांडणाआधी फोटो काढावे. काढलेले पाटे आणि बोल्ट भंगारात जाऊ देऊ नयेत. "तुटलेला भाग परत हवा" हे जॉब कार्डवर आधीच लिहून घ्यावे. तक्रार तोंडी नको, लेखी हवी: तारीख, किलोमीटर, बिलाचा क्रमांक, काय तुटले, कोठे तुटले आणि आपली मागणी काय. इथे गावातल्या गुरुजींची आणि बाईंची मदत मोलाची आहे. असे एक पानी पत्र लिहून देणे त्यांना जड नाही. वर्कशॉपला द्यावे, एक प्रत वाहन बनविणाऱ्या कंपनीला पाठवावी आणि पोच घ्यावी. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात, कारण बरे वर्कशॉप आपली चूक लेखी आल्यावर दुरुस्त करून देते.

नाहीच मिटले, तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक आहे. त्यापुढे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मुदत 2 वर्षांची. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. "ट्रक धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नव्हे," असे कोणी सांगेल. पण केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालविणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो. गाड्यांचा ताफा बाळगणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने वकिलाला विचारावे.