चढाओढ हातांची, नाव सर्वांचे



आज वर्धापनदिनी मला 'एकोपा आणि चढाओढ' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. चढाओढ आली की मागोमाग हेवा येतो, आणि नुसता एकोपा राखला की झटणारीवर भार पडून बाकीच्या सैलावतात. ही दोन्ही भये खरी आहेत. म्हणून उपदेशापेक्षा एक घडलेले उदाहरण पाहू.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नावाने देशभर गेले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

त्यांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. बाई मळलेले पीठ शाखेतून घरी नेते आणि पापड लाटून, वाळवून परत आणते. मजुरी वजनावर मिळते. जिचा हात चालता, तिला चार पैसे अधिक. त्यात कोणाचे वाईट वाटण्याचे कारण नाही. नफातोटा मात्र सगळ्यांचा सारखा, मग ती लाटणारी असो, मळणारी असो की पुडे भरणारी.

यातले मर्म असे. नुसत्या वजनाकडे पाहिले, तर कोणी घाईने जाडसर लाटील, कोणी ओलसरच आणील. पण पुड्यावर लाटणारीचे नाव नसते, नाव सर्वांचे असते. एक पापड वाईट निघाला तर सगळ्यांचेच गिऱ्हाईक जाते. म्हणून जिला येते तिने जिला येत नाही तिला शिकवण्यात तिचाही लाभ असतो. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलकी प्रत सोडून एकच उत्तम प्रत ठेवा, हा छगनबाप्पा पारेख यांचा सल्ला त्यांनी मानला. तेव्हापासून माल हलका करून पुढे जाण्याची वाटच उरली नाही.

आता आपल्या घरचे बोलते. गेल्या दिवाळीपासून आपण सर्वांत जास्त चकल्या करणारीचे नाव फळ्यावर लिहू लागलो. हेतू चांगला होता. पण भाजणीचे प्रमाण कोणी कोणास मोकळेपणी सांगेनाशी झाली, आणि नव्याने आलेल्या तिघी यावयाच्या थांबल्या. त्यांच्या घरी त्या पैशांची गरज आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

माझे म्हणणे एवढेच. मजुरी किलोमागेच राहू द्या. नफा सारखा वाटा. फळ्यावर नावांऐवजी परत आलेले पुडे किती, तो आकडा लिहा. तो कमी करण्यात साऱ्याजणींनी चढाओढ करावी. जुन्या प्रत्येकीने एक नवी जोडीला घ्यावी. आणि या सभेतूनच त्या तिघींना बोलावणे धाडावे, अशी माझी विनंती आहे.