वायू ओसरल्यानंतरचे फुप्फुस



अध्यक्ष म्हणून आज मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. विषारी वायू श्वासात जातो तो काही मिनिटांसाठी. मग फुप्फुसाची इजा पुढे कित्येक दिवस का वाढत राहते?

क्लोरीनचेच घेऊ. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर तो शस्त्र म्हणून सोडला गेला. आज तो आपल्या पाणीपुरवठा केंद्रांवर टनर या मोठ्या सिलिंडरांमध्ये भरून ठेवलेला असतो, आणि जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात जुन्या सिलिंडरांतून तो गळला तेव्हा मुंबईनेही त्याचा दाह सोसला. श्वासमार्गाच्या ओलाव्यात मिसळून त्याची हायपोक्लोरस आणि हायड्रोक्लोरिक ही आम्ले बनतात आणि अस्तराच्या पेशी होरपळतात. ही पहिली इजा.

होरपळलेल्या जागी न्यूट्रोफिल धावून येतात. त्यांच्यापाशी मायलोपेरॉक्सिडेज हे विकर असते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शरीरातला साधा क्लोराइड घेऊन ते जे तयार करते, ते हायपोक्लोरस आम्लच! वायूने बाहेरून आणलेले विष आता शरीर स्वतःच आतून घडवू लागते. श्वसनविकारांच्या शास्त्रात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मला ठाऊक नाही.

हेच न्यूट्रोफिल इलॅस्टेजही सोडतात. हे विकर ताणलेल्या फुप्फुसाला पुन्हा पूर्ववत करणारे इलॅस्टिन कुरतडते. एरवी यकृतातून येणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन त्याला आवर घालते. पण त्या रेणूतल्या एका मेथिओनिनचे हायपोक्लोरस आम्लाने ऑक्सिडीकरण झाले की त्याची पकड सुटते. एका विकराने पहारेकरी निकामी करायचा आणि दुसऱ्याने घर फोडायचे, असा हा प्रकार. त्यात सुप्त मेटॅलोप्रोटिनेजही जागी होतात, वायुकोशांचा पडदा झिरपू लागतो, आणि खोकत पण चालत आलेला रुग्ण काही तासांनी धापा टाकू लागतो.

मग विकरच रोखावे का? सिव्हेलेस्टॅट हे इलॅस्टेजरोधक औषध जपानमध्ये वापरात आले. परंतु तीव्र फुप्फुस-इजेमुळे कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या ४९२ रुग्णांवरील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८ दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. माझ्या मते कृत्रिम श्वासयंत्र लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शिवाय जंतूंशी लढतात तीही हीच विकरे. ती सरसकट बंद केली तर न्यूमोनियाला वाट मोकळी होते. प्रश्न वेळेचा आहे, आणि ती वेळ शोधायची तर आधी नोंदी हव्यात.

अशा नोंदी दीर्घकाळ का हव्यात, ते भोपाळ सांगते. तिथे डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री बाहेर पडलेला वायू क्लोरीनहून वेगळा होता. तरी वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे वर्षानुवर्षे दम लागत राहिला.

म्हणून माझी विनंती आहे. गळतीनंतर आलेल्या कामगाराचा पहिला एक्स-रे स्वच्छ दिसला, तरी त्याला लगेच घरी पाठवू नका. महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने त्याची स्पायरोमेट्री करा. कंत्राटी कामगार पुन्हा तपासणीला येत नाही, कारण त्या दिवसाचा रोज बुडतो. हा रोज आणि तपासणीचा खर्च कारखान्याने द्यावा, असा ठराव मी दुपारच्या सत्रात मांडणार आहे. औद्योगिक वसाहतींजवळ काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यातल्या अडचणी तिथे सविस्तर सांगाव्यात.