सुगीतील बेगमी

कोकणात आणि गोमंतकात पावसाळ्यापूर्वी बेगमी करून ठेवण्याची जुनी रीत आहे. मीठ, मिरची, कोकम, सुकी मासळी यांची साठवण वैशाखाच्या कडक उन्हात होते. आभाळ भरून आल्यावर नव्हे. उद्योगधंद्यातील मंदी हाही एक ऋतूच होय. फरक इतकाच की, तिची तिथी पंचांगात दिलेली नसते.

संगणकाच्या व्यवसायात मात्र एकदा ती तिथीही ठाऊक होती. १९६० आणि १९७० च्या दशकांत संगणकाची स्मृती फार महाग असल्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याचा प्रघात पडला. १ जानेवारी २००० रोजी ‘००’ हे अंक १९०० असे वाचले जातील आणि व्याजाचे, विम्याचे, वेतनाचे हिशेब कोलमडतील, या भीतीने पुढे सारे जग धास्तावले. कोबोल भाषेतील जुन्या आज्ञावल्या तपासण्यासाठी माणसे हवी झाली. हैदराबादेत अमीरपेठेतील शिकवणी वर्ग तरुणांनी भरून गेले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स ही इमारत उभी राहिली. सुगी आली होती. परंतु ज्या कामाने ती आणली, ते संपण्याचा दिवस प्रत्येक दिनदर्शिकेवर छापलेला होता.

तो दिवस आला आणि गेला. त्यापाठोपाठ अमेरिकेतील नॅसडॅक हा समभागांचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोचून घसरू लागला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत खाली आला. तेथील कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली. परदेशी गेलेले कित्येक तंत्रज्ञ नोकरी आणि तिच्यावर अवलंबून असलेला व्हिसा दोन्ही गमावून घरी परतले.

या प्रसंगाचा खरा धडा निराळाच आहे. दोन अंकांचे चार अंक करणे एवढेच ज्याने आत्मसात केले, त्याचे कौशल्य कामाबरोबरच संपले. परंतु त्या जुन्या आज्ञावल्या म्हणजे बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या चोपड्याच होत्या. दुरुस्ती करता करता व्याजाची आकारणी अशीच का होते, विम्याचा हप्ता चुकल्यास पुढे काय घडते, हे ज्याने समजून घेतले, त्याच्या हाती व्यवहाराचे ज्ञान आले. भाषा बदलते, यंत्र बदलते. व्यवहार इतक्या लवकर बदलत नाही. हत्यार आणि विद्या यांतील हा भेद सुगीतच ओळखावा लागतो, कारण त्या वेळी दोहोंनाही सारखाच मोबदला मिळत असतो.

पुढेही हेच घडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी कर्तबगार माणसाचीही नोकरी जाते, हे मान्य केले पाहिजे. नोकरी जाणे हा नेहमीच गुणांचा निवाडा नसतो. तसेच सुगीतील भरघोस पगार हाही सर्वस्वी गुणांचा पुरावा नसतो. हे न उमगल्यामुळेच पगार वाढताच घराचे आणि मोटारीचे हप्ते त्याच्या बरोबरीने वाढतात, आणि मंदीचा पहिला आघात कचेरीपेक्षा घरावर होतो.

म्हणून बेगमी तिहेरी असावी. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते यांची रक्कम बाजूस असावी. ती हाती असली म्हणजे मिळेल ती नोकरी घाईने पत्करण्याची वेळ येत नाही. आपल्या कामाच्या शेजारची एक विद्या दरवर्षी थोडी थोडी शिकावी. आणि जुन्या सहकाऱ्यांशी स्नेह गरज नसतानाच जपावा. गरज पडल्यावर लिहिलेले पत्र अर्जासारखे वाचले जाते.

बेगमीने पाऊस टळत नाही. मात्र धो धो पावसातही चूल पेटती राहते, आणि ज्या घरात चूल पेटती असते तेथे पुढचा विचार शांतपणे करता येतो.