औषधाचा हिशेब आणि त्यामागची गृहीतके
(लोंढा येथील सभेतील भाषण)



आम्ही पडलो बँकेतले कारकून. आरोग्यावर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आजचा विषय डॉक्टरीपेक्षा खतावणीच्या अधिक जवळचा आहे.

कोणते औषध, कोणती लस सरकारी पैशातून द्यायची हे ठरवण्यासाठी हल्ली हिशेबाचे एक प्रारूप, म्हणजे मॉडेल, मांडतात. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये त्यासाठी वेगळी यंत्रणाच उभी केली. इतका खर्च केला की इतके जीव वाचतील, असे उत्तर त्यातून निघते. कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखेच हे. त्यात शेवटच्या रकान्यातला नफा नेहमीच गोजिरा असतो. जाणता मॅनेजर आधी गृहीतके वाचतो.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी झाली. नर्सबाई निम्म्या जणींना खरे औषध देत, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. अठरा जणींना औषध दिले की एकीचा रक्तस्राव टळला. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. औषधाने थंडी वाजते, ताप येतो, हेही त्यात नोंदवले आहे.

औषधाची किंमत गुणिले अठरा. इथवर बी.कॉम.चे पहिले वर्ष पुरे! मेख पुढे आहे. रक्तस्राव टळणे आणि जीव वाचणे या दोन निराळ्या नोंदी. मृत्यूंतला फरक दिसायला १,६२० ही संख्या अपुरी. म्हणजे मॉडेल करणाऱ्याला तो आकडा दुसरीकडून आणावा लागतो. बाई किती वेळात रक्तपेढीपर्यंत पोचते यावर तो आकडा अवलंबून. लोंढा स्टेशनाजवळची बाई आणि जंगलातल्या गवळीवाड्यावरची बाई, दोघींना एकच वेळ धरली तर? तासाभरात गाडी पोचते असे धरले की औषध अनावश्यक दिसते. चार तास धरले की तेच औषध स्वस्तात जीव वाचवणारे ठरते. म्हणून एक आकडा बदलून उत्तर फिरते का, ते पाहावे.

तुलना कशाशी केली, हेही विचारावे. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे ते कागदावरच उरते. आणि खर्च कुणाचा मोजला? जीपचे भाडे आणि नवऱ्याची बुडालेली मजुरी सरकारी खात्यात चढत नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली असल्या प्रश्नांची तपासणी-यादीच प्रसिद्ध झाली.

खानापूर तालुक्याचे आरोग्य नियोजन करताना दवाखान्यापर्यंतचा वेळ किती धरला, तो पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, हे तालुका आरोग्य कार्यालयाला लेखी विचारायचे आहे, उत्तर मराठीतून मागायचे आहे. अर्ज आम्ही लिहून आणला आहे. सह्या चहाच्या आधी कराव्यात.