जगज्जेत्याचा पट्टा कोणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मुष्टियुद्धातील जगज्जेतेपद रिंगणात मिळते. पण पुष्कळदा ते जाते मात्र कचेरीत. प्रतिस्पर्ध्याचा एकही ठोसा न खाता माणूस पदच्युत होतो. आपल्या अभ्यासवर्गात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. घाम आणि रक्त एकाचे आणि त्यातून निर्माण झालेल्या प्रतिष्ठेवर स्वामित्व दुसऱ्याचे, हा व्यवहार इतक्या उघड स्वरूपात अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतो, म्हणून.

महंमद अलीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्यातील तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. व्हिएतनामचे युद्ध चालू असता २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे त्याने अमेरिकेच्या सैन्यात दाखल होण्यास नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा आयोगाने त्याचा परवाना स्थगित केला आणि जगज्जेतेपदाची मान्यता काढून घेतली. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशननेही तेच केले. न्यायालयाने त्याला दोषी ठरविले ते २० जूनला! म्हणजे दंड आधी आणि निवाडा मागाहून. पुढे १९७० साली आयोगाचे दप्तरच न्यायालयापुढे आले, तेव्हा सशस्त्र दरोडा, जाळपोळ यांसारख्या अपराधांत दोषी ठरलेल्यांना याच आयोगाने परवाने दिल्याची निदान २४४ उदाहरणे निघाली. दरोडेखोर चालत होता, युद्धविरोधक चालत नव्हता. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अलीची शिक्षा रद्द केली. पण पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या ऐन भराचा काळ कोणते न्यायालय परत करणार?

हे झाले राजसत्तेचे. बाजाराची रीत याहून सौम्य, परंतु अधिक नित्याची आहे. आज जगज्जेतेपद देणाऱ्या चार प्रमुख संघटना आहेत. त्या कोणत्याही राष्ट्राच्या नव्हेत, खेळाडूंच्या तर नव्हेतच. त्या क्रमवारी लावतात, लढतीला मान्यता देतात आणि योद्ध्याच्या बिदागीतून शुल्क घेतात. ते साधारणतः शेकडा तीन असते. क्रमवारीतील पहिल्याशी ठराविक मुदतीत लढलेच पाहिजे, नाहीतर पद गेले, हा त्यांचा मुख्य नियम. नियम मुळात अन्याय्य नाही, हे मान्य केले पाहिजे. १९२० च्या दशकात जॅक डेम्प्सीसमोर हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराला कधीच उभे राहता आले नाही. सक्ती असती तर ते कदाचित घडले असते.

परंतु क्रमवारी लावणारा कोण, हा खरा प्रश्न. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचे संस्थापक-अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी लाच घेतल्याचा खटला झाला. २००० साली ज्यूरीने पुष्कळशा आरोपांतून त्यांना मुक्त केले. मात्र पैशाच्या अवैध व्यवहाराचा कट आणि खोटी करविवरणे यांबद्दल दोषी ठरविले. त्यांना २२ महिन्यांची शिक्षा झाली.

आता लिऑन स्पिंक्स पाहा. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्याने प्रत्यक्ष अलीला हरविले. महिनाभरातच वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने त्याचे पद काढून केन नॉर्टनला बहाल केले, कारण स्पिंक्सने नॉर्टनऐवजी पुन्हा अलीशी लढण्याचे ठरविले होते. जर्मनीच्या ग्राचियानो रोक्कीजानीची गोष्ट तर विनोदी वाटावी अशी आहे. १९९८ साली बर्लिनमध्ये त्याने रिक्त असलेले जगज्जेतेपद जिंकले. त्याला जगज्जेता म्हटले ती छपाईची चूक होती, असे नंतर याच कौन्सिलने सांगितले! तो न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. तीन कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा निर्णय होताच कौन्सिलने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेवटी २००४ मध्ये तडजोड झाली. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२५ मध्ये, टेरेन्स क्रॉफर्डचे पद याच संघटनेने शुल्क न भरल्याबद्दल काढून घेतले. येथे नैतिकतेची भाषासुद्धा उरली नाही. थकबाकीदाराचा माल उचलून न्यावा, तसा प्रकार.

आपल्याकडे कचेरीतील शिपायाला पूर्वी पट्टेवाला म्हणत. पट्टा कमरेला त्याच्या, पण मालकी साहेबाची. नोकरी सुटली की पट्टा काढून ठेवावयाचा. जगज्जेत्याचा पट्टा सोन्याने मढविलेला असतो, इतकाच फरक.

यावर इलाज काय? अमेरिकेने २००० साली अलीच्याच नावाने कायदा केला. क्रमवारीचे निकष आणि शुल्काचे हिशेब उघड करण्याचे बंधन त्याने संघटनांवर घातले. पट्ट्याची मालकी मात्र त्याने हलविली नाही. त्याच देशातील बेसबॉलपटूंनी संघटना बांधून १९६८ साली मालकांशी पहिला सामुदायिक करार केला आणि १९७५ च्या लवादाच्या निवाड्यानंतर मालक बदलण्याचे स्वातंत्र्यही मिळविले. मुष्टियोद्ध्यांना तसे बळ उभे करता आलेले नाही. कारण उघड आहे: प्रत्येकाचा करार वेगळा, प्रवर्तक वेगळा, आणि ज्याच्याशी एकी करावयाची त्यालाच पुढल्या महिन्यात रिंगणात आडवा पाडावयाचा. कंत्राटी कामगारांत काम करणाऱ्या आपल्या साथींना ही अडचण मी समजावून सांगण्याची गरज नाही. किंबहुना त्यांनीच आता चर्चेत मला सांगावे की अशा विखुरलेल्या माणसांत पहिली सभा बोलवावयाची ती कोठे आणि कोणाच्या दारात.