न्यायमूर्ती वेअरिंग

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन हे जुने, मानी शहर. ज्युलिअस वेटीज वेअरिंग यांचा जन्म तेथे १८८० साली झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेथलेच. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. कृष्णवर्णीयांनी पायरी ओळखून वागावे, हा तेथला रिवाज, आणि वेअरिंग यांनी वकिली केली ती त्याला धक्का न लावता. १९४२ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश नेमले, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. या वयात मनुष्य बदलेल अशी अपेक्षा कोणी धरीत नाही.

फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सैनिक लष्करातून मुक्त होऊन बसने घरी निघाला होता. अंगावर अद्याप गणवेश होता. वाटेत एका गावच्या पोलीसप्रमुखाने त्याला मारहाण केली. तीत त्याचे दोन्ही डोळे गेले. खटला वेअरिंग यांच्यापुढे चालला. ज्यूरीत सारे गोरेच. अर्ध्या तासाच्या आत आरोपी निर्दोष ठरला. तो दिवस न्यायाधीशांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही.

१९४७ साली त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारनिवडीचे मतदान कृष्णवर्णीयांना खुले केले. त्या राज्यात हाच पक्ष निवडून येई. म्हणजे ही निवड हीच खरी निवडणूक होती. जन्माचे स्नेही तोंड फिरवू लागले. १९५० साली घरावर दगड आले.

क्लॅरेंडन परगण्यातील कृष्णवर्णीय पालकांनी आरंभी मुलांसाठी केवळ एक बसगाडी मागितली होती. तो वाद वाढत विभक्त शाळांच्या मुळाशी पोहोचला. १९५१ साली थर्गुड मार्शल यांनी तो तीन न्यायाधीशांपुढे मांडला. दोघांनी विभक्त शाळा कायदेशीर ठरविल्या. वेअरिंग यांनी एकट्याने भिन्न निकालपत्र लिहिले: वेगळे ठेवणे हीच मुळी विषमता.

१९५२ साली ते निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरविल्या. एकट्याचे मत देशाचा कायदा झाले.

जानेवारी १९६८ मध्ये ते वारले. देह चार्ल्स्टनला आणला गेला. अंत्यविधीला कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आले. गोरे बोटांवर मोजण्याइतके. २०१५ साली तेथील न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. शहराने तोंड फिरविले होते, ते पुन्हा वळण्यास साठ-पासष्ट वर्षे लागली.