पलटणीतल्या सावित्रीबाई



फौजीची बायको म्हटलं की सिनेमात दोनच प्रसंग ठरलेले. एक स्टेशनवरचा निरोप, दुसरा तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. त्यानंतरची वर्षं कुणी दाखवत नाही. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्या सावित्रीबाई खानोलकरांच्या वाट्याला ही नंतरची वर्षं अडतीस आली.

त्यांचा जन्म 20 जुलै 1913 चा, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचा. वडील हंगेरियन प्राध्यापक, आई रशियन, मुलीचं नाव ईव्ह. सोळाव्या वर्षी तिची गाठ पडली विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी. तो इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होता आणि सुटीत फिरायला आला होता. पत्रं सुरू झाली. शिक्षण संपवून विक्रम शीख पलटणीत रुजू झाले ते आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादला. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. घरच्यांचा विरोध न जुमानता ईव्ह हिंदुस्थानात आली आणि 1932 मध्ये लखनौला लग्न लागलं. ईव्हची सावित्री झाली.

फौजी घरातल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका तुम्ही पाहिल्या असतील. वर पांढऱ्या रंगानं नाव आणि हुद्दा. बदली झाली की बाईनं त्या भरायच्या, नव्या गावी उघडायच्या. या धबडग्यात सावित्रीबाई मराठी शिकल्या, हिंदी शिकल्या, पाटण्याला असताना संस्कृतचा आणि वेद-उपनिषदांचा अभ्यास केला. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मला यात एक गंमत वाटते. नामदेवांचं नर्सी 1999 पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं आणि नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे नवऱ्याच्या पलटणीतले शीख जवान गुरुद्वाऱ्यात ज्यांची पदं ऐकत, तेच नामदेव मराठी संतांची वाट धरली की घरातही भेटणारे.

स्वातंत्र्यानंतर व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी आपलं पदक हवं होतं. लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल हिरालाल अटल यांनी त्याच्या रचनेचं काम सोपवलं सावित्रीबाईंवर. त्यांनी परमवीर चक्रासाठी इंद्राचं वज्र निवडलं. दधीची ऋषींनी देह ठेवला, त्यांच्या हाडांचं वज्र झालं, ती कथा आपल्या कीर्तनकारांच्या तोंडी आजही असते. मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रं, धातू ब्राँझ, फीत साधी जांभळी. पदकावर शिवरायांची भवानी तलवारही आहे, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. अधिकृत वर्णनात मात्र ती नाही, वज्रच आहे. 26 जानेवारी 1950 ला पदक जाहीर झालं. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा बडगामला 3 नोव्हेंबर 1947 रोजी धारातीर्थी पडले होते. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीच्या सासरचे, तिचे दीर. आजवर ही पदकं 21 जणांना मिळाली, त्यांतली 14 मरणोत्तर. ती घरच्यांनीच घेतली.

मेजर जनरल विक्रम खानोलकर 1952 मध्ये गेले. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीच्याही नव्हत्या. माहेरी परत जायचं मनात आणलं असतं तर कोण अडवणार होतं? त्या इथंच राहिल्या. जवानांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीतल्या निर्वासितांसाठी त्यांनी काम केलं होतंच. पुढे रामकृष्ण मठाकडे ओढा वाढला. 26 नोव्हेंबर 1990 ला त्यांचं निधन झालं. पदकामुळे त्यांचं नाव निघतं हे ठीकच, पण मला त्यांची ही अडतीस वर्षं जास्त मोलाची वाटतात.

गंगाखेड, पाथरी, जिंतूरकडच्या कितीतरी माउल्या अशीच वर्षं काढताहेत. सरकारी कागदावर त्या वीरपत्नी, गल्लीत नुसत्या मिलिट्रीवाल्याच्या बाई. पोरांची शिक्षणं, सोयाबीनची रास, दिरांशी बांधाची भांडणं, सगळं त्यांनी एकटीनं निभावलं. वर्षातून एकदा, बहुतेक जणी नोव्हेंबरात, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जातात. कामानं झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. पुसून, पदराला घासून पुन्हा ठेवायचा, कधी बोटही बदलावं लागतं. आता हे काम ऑनलाइन झालंय आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. नातवंडांनो, तेवढं आजीचं करून द्या. अडलंच तर परभणीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जाताना पेन्शनचा कागद, बँकेचं पुस्तक आणि आधार कार्ड सोबत असू द्या.